मांजर बोलत नाही

बाळताईंचं वय छप्पन्न. दोन्ही गुडघे कुरकुरणारे, एक दाढ नुकतीच काढलेली, घरात सून आलेली. तरी डबिंगच्या स्टुडिओत पाऊल टाकलं की आतून हाक यायची, "बाळ आलं का? चला, सुरू करू!" तिथे त्यांचं लिंगसुद्धा व्याकरणाने काढून घेतलं होतं. बाळ आलं, बाळ बसलं, बाळाचा घसा बसला. धाकटी मंडळी मान ठेवून मागे 'ताई' जोडायची, एवढंच.

एकतीस वर्षं त्यांनी पडद्यावरच्या पोरांना आवाज दिला होता. चार वर्षांची शेंबडी, सहा वर्षांची रडकी, दहा वर्षांचा वाघावर बसून जग वाचवणारा, बारा वर्षांचा बापाला शहाणपण शिकवणारा. बारा ही हद्द. पडद्यावरचं पोरगं तेराव्यात गेलं की बाळताईंना सुट्टी आणि माइकपुढे कुणीतरी नवा मुलगा. "माझी पोरं मोठी झाली की मला विचारत नाहीत," असं त्या म्हणायच्या आणि सगळे हसायचे. त्याही हसायच्या. पण खोटं कशाला बोला, पहिली दहा वर्षं ते हसू खरं होतं, नंतरचं सवयीचं.

सोमवारी सकाळी दिग्दर्शकाने नव्या मालिकेचे कागद त्यांच्या हातात ठेवले. हा दिग्दर्शक चौतिशीचा, गुणी पोरगा. लहानपणी शाळेतून घरी येऊन बाळताईंचाच आवाज ऐकत चार घास खाल्लेला. त्यामुळे तो त्यांना देवासारखं मानायचा आणि मोठं मात्र होऊ द्यायचा नाही.

"जपानी अ‍ॅनिमे आहे, ताई. बारा भाग. 'मांजरीचं दुकान'. तुम्हाला दोन कामं, शेजारचा पोरगा आणि मांजर."

"मांजर बोलतं?"

"बोलतं म्हणजे? धमाल बोलतं! पहिल्याच भागात बेचाळीस वाक्यं आहेत."

बाळताईंनी कागद चाळले. मांजर खरोखरच सुटलं होतं. दार वाजलं की 'म्यांव, कोण आलं बुवा?', दिवा गेला की 'अंधार अंधार, उंदीर मार!' एका ठिकाणी ते नुसतं जांभई देत होतं, तर लेखकाने त्या जांभईतही यमक बसवलं होतं. बाळताईंना यात काही वावगं वाटलं नाही. लहान मुलांच्या मालिकेत पडद्यावर तोंड उघडलं की त्यात शब्द कोंबायचाच, हा या धंद्याचा पहिला नियम. दोन सेकंद शांतता गेली की पोर चॅनेल बदलतं. म्हणून कुणी वळलं की 'अय्या', पडलं की 'आई गं', काहीच केलं नाही तर 'थांबा हं, विचार करू दे'. या कोंबाकोंबीत बाळताई इतक्या तरबेज होत्या की पडद्यावरचा दगडसुद्धा त्यांनी बोलता केला असता.

"आणि दुकानाची मालकीण कोण करतंय?" त्यांनी सहज विचारलं.

"आपली नवी मुलगी. सव्वीस वर्षांची आहे, पण आवाज कसला गोड! गुरुवारी मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या मॅडम पहिल्या भागाचा नमुना ऐकायला येतायत. पास झाला की बाराच्या बारा भाग आपले."

बाळताई कागद पिशवीत घालून घरी आल्या.

आता त्यांच्या सुनेबद्दल सांगायला हवं. ही मुलगी सासरी आली ती कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांची अकरा खोकी घेऊन. खोकी उघडली तर सगळी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकं. मुलाने भिंतीला पाच फळ्या ठोकून दिल्या आणि त्या ओसंडून वाहू लागल्या. "एवढी शिकलेली मुलगी, आणि चित्रांची पुस्तकं वाचते," असं बाळताई नाक मुरडून म्हणायच्या. ज्यांचं अख्खं घर चित्रांना आवाज देऊन उभं राहिलं, त्या हे म्हणायच्या! आपण स्वतः कोणत्या ताटात जेवतो ते माणसाला दिसत नाही, हेच खरं.

त्या संध्याकाळी टेबलावर पडलेल्या कागदांवरचं चित्र सुनेला दिसलं. खिडकीत झोपलेलं मांजर, मागे काउंटर, काउंटरवर हातोडी.

"आई, 'मांजरीचं दुकान' काय? ही तर 'दुरुस्ती' आहे! माझ्या पाचव्या फळीवरची."

"पाचव्या म्हणजे?"

सुनेने त्यांचा हात धरला आणि खोलीत नेऊन फळ्यांपुढे उभं केलं. "ही सगळ्यात खालची चिमुरड्यांची. हिच्यावरची मुलांची. सामने, मारामाऱ्या, दोस्तीसाठी जीव द्यायचा वगैरे. तिसरी मुलींची. चौथी मोठ्या पुरुषांची. आणि ही वरची बायकांची. नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या, दमलेल्या. तिकडे गोष्ट आधी मासिकात येते, आई, आणि प्रत्येकाचं मासिक वेगळं. म्हणजे दुसऱ्याचं वाचायचं नाही असं काही नाही हं. मी स्वतः दुसऱ्या फळीवर वाढले. पण लिहिणारा कुणाकडे तोंड करून बोलतोय, ते मासिकावरून कळतं."

"आणि आम्ही समजतो, चित्रं आली की पोरांचं."

"मग भिंतीवर तसबीर लावतो ती काय पोरांसाठी?"

बाळताईंनी पटकन त्या गोष्टीची सातही पुस्तकं मागून घेतली.

दुसरा दिवस सुट्टीचा होता. बाळताई पहिलं पुस्तक उघडून बसल्या. चार पानं झाली तरी कशाचा कशाला पत्ता लागेना. सून जाता जाता थांबली. "उजवीकडून, आई. शेवटाकडून वाचताय तुम्ही."

"आधी सांगायचं नाही होय? मला वाटलं, हल्लीची फॅशन असेल."

मग उजवीकडून वाचलं. पंचावन्न वर्षांची एक बाई. बापाचं बूट-चपला दुरुस्त करायचं दुकान चालवते. नवरा निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर बसलेला, दिवसभर करायचं काय ते न कळणारा. मांजर खिडकीत. धंद्याची सवय म्हणून बाळताई मांजराच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा शोधत होत्या. सातही पुस्तकं पालथी घातली. मांजर झोपतं, कान खाजवतं, जांभई देतं आणि पुन्हा झोपतं. फुगा एकही नाही.

तिसऱ्या पुस्तकात एक बाई दुकानात येते आणि काउंटरवर पुरुषाचे बूट ठेवते. नवऱ्याचे. तो आता नाही. ते आपल्या पायांत बसतील असे करून हवेत, एवढंच म्हणते. पुढे अकरा पानं शब्द नाही. मालकीण बूट उलटा करते, टाच बघते, आत हात घालते, त्या बाईच्या पायांकडे बघते. बाईच्या पायातल्या स्वतःच्या चपला चांगल्या नव्या असतात. शेवटी मालकीण म्हणते, "दोन नंबर मोठे आहेत. आतून तळ घालून देते. तुमचे होतील."

बाळताईंचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी त्यांचं डोकंही भडकलं. कारण हाच प्रसंग मालिकेच्या पहिल्या भागात होता. त्यांनी पिशवीतून कागद काढला, आणि त्या अकरा पानांच्या जागी लिहिलेलं वाचलं: 'मांजर: म्यांव! कित्ती मोठ्ठे बूट! मी आत झोपू?' हे वाक्य त्यांनी बोलायचं होतं. त्यांच्या तोंडून जायचं होतं ते.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःशी कबूल करायला दोन कप चहा लागला. त्यांना ती बाई हवी होती. एकतीस वर्षांत दुसऱ्याचं काम त्यांनी कधी मागितलं नव्हतं. हे त्यांना हवंच होतं.

बुधवारी सकाळी नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारातूनच त्या म्हणाल्या, "मांजर बोलत नाही."

"अं?" दिग्दर्शकाने मान वर केली.

"सात पुस्तकं वाचली मी. मांजर एक अक्षर बोलत नाही. ही मालिका पोरांची नाहीच मुळी. बायकांची आहे."

"अहो ताई, कंपनीच्या कागदावर 'अ‍ॅनिमेशन, बालविभाग' असं स्वच्छ लिहून आलंय."

"लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलं होतं का? मांजर दिसलं आणि टाकलं पोरांत. उद्या न्यायाधीशाच्या मांडीवर मांजर बसलं तर निकालाचं बडबडगीत करणार का?"

काचेपलीकडे साठीचा ध्वनिमुद्रक खोकल्यासारखं करून हसला. तो आणि बाळताई एकाच वर्षी या स्टुडिओत लागले होते.

"आणि मालकीण मी करणार," बाळताई म्हणाल्या.

दिग्दर्शक खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. "ताई, राग मानू नका. तुमचा आवाज ऐकला की लोकांना दहा वर्षांचं पोरगं दिसतं. तुम्ही गंभीर काही बोललात तर लोक हसतील हो."

हे वर्मी लागलं. कुणी वाईट बुद्धीने म्हटलं असतं तर बाळताईंनी त्याची सालपटं काढली असती. हा तर जीव लावणारा पोरगा, खरं वाटलं ते बोलला. त्यांनी गिळलं.

"एक प्रसंग," त्या म्हणाल्या. "बुटांचा. मला करू दे. तू हसलास तर मी मुकाट मांजर होते. बेचाळीसच्या जागी चौऱ्याऐंशी वाक्यं दे."

"होऊन जाऊ दे," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला.

बाळताई माइकपुढे उभ्या राहिल्या. पडद्यावर बूट काउंटरवर आले. आणि बघा गंमत, ज्या बाईने आदल्या दिवशी त्या अकरा पानांवर डोळे पुसले होते, तिनेच त्या शांततेत तीन वेळा तोंड घातलं. बूट उलटा झाला, 'अरेच्चा'. आत हात गेला, 'हंऽऽ'. टाच दिसली, 'बघू हं'. एकतीस वर्षांची सवय, मेली आपोआप उडी मारून बाहेर येत होती. आणि "तुमचे होतील" असं निघालं की जणू वाढदिवसाचा फुगाच हातात देतायत.

दिग्दर्शक हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसला.

बाळताईंना काचेतून दिसलं. दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज जड केला, तर गोष्टीतल्या कपटी सावत्र आईसारखा आला. तिसऱ्या वेळी तर त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आता मांजरच नशिबी, असं त्यांना वाटायला लागलं.

तेवढ्यात कानातल्या हेडफोनमध्ये ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, हळू, फक्त त्यांच्यापुरता. "बाळ, तू हे कुणाला सांगतेयस?"

बाळताई थांबल्या. हे त्यांचं गुपित होतं आणि ते या एकाच माणसाला ठाऊक होतं. माइकपुढे उभं राहिलं की त्या नेहमी एकच श्रोता डोळ्यांपुढे आणायच्या. चिमुरड्यांची मालिका असली की जमिनीवर फतकल मारून बसलेलं पोर. मुलांची असली की सोफ्यावरून उड्या मारणारा. मुलींची असली की दार लावून घेऊन बसलेली. बारीक आवाज हे त्यांचं काम नव्हतंच. समोरच्याला बघून बोलणं हे काम होतं. आणि आज त्या कुणालाच बघत नव्हत्या. आपण किती मोठ्या आहोत हे दिग्दर्शकाला दाखवायला निघाल्या होत्या.

त्यांनी डोळे मिटले आणि काउंटरपलीकडच्या त्या बाईला बघितलं. तिच्या पायातल्या नव्या चपला बघितल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

बूट आले. टाच, आतला हात, पाय. पडद्यावरच्या मालकिणीचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. बाळताईंनी मूठ आवळली, पण अक्षर टाकलं नाही. चाळीस सेकंदांत फक्त एकदा श्वास ऐकू आला. मग त्या बोलल्या, घरात एखाद्या बाईशी बोलावं तशा. "दोन नंबर मोठे आहेत. आतून तळ घालून देते. तुमचे होतील."

दिग्दर्शकाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "ताई," तो म्हणाला, "हा आवाज कुठे होता?"

"घरीच होता. इथे कुणी बोलावलं नव्हतं."

उरलेला दिवस झटून काम केलं. मांजराची बेचाळीसही वाक्यं काढून टाकली. मालकिणीचे संवाद सुनेला फोन लावून पुस्तकाशी पडताळून घेतले. सव्वीस वर्षांची मुलगी हिरमुसून कोपऱ्यात बसली होती, तिला बाळताईंनी शेजारचा पोरगा दिला आणि वर पाऊण तास बसून नाकात बोलायचं कसं ते शिकवलं.

पण घोडामैदान गुरुवारी होतं. कंपनीच्या मॅडम आल्या, घड्याळ बघत बसल्या, पहिला भाग पूर्ण ऐकला आणि पहिलाच प्रश्न विचारला. "मांजराचे संवाद कुठे गेले?"

दिग्दर्शक म्हणाला, "मांजर बोलत नाही, मॅडम."

"पण ही लहान मुलांसाठी आहे. मध्ये चाळीस सेकंद आवाजच नाही. मूल थांबेल का?"

"नाही थांबणार," बाळताई मागून म्हणाल्या. "थांबावं म्हणून ती केलेलीच नाही."

मॅडमनी वळून बघितलं. "अ‍ॅनिमेशनमध्ये एवढा काय फरक असतो हो?"

सांगत बसल्या असत्या तर संध्याकाळ झाली असती. बाळताई बूथमध्ये गेल्या आणि माइक सुरू करायला सांगितला. "दोनच शब्द घेते. 'दार उघड.' ऐका."

आधी त्या चार वर्षांच्या झाल्या. 'दार' या शब्दाला तीन पायऱ्या, 'उघड'ला लाडाची शेपटी, आणि मॅडमच्या नकळत त्यांच्या ओठांवर हसू आलं. मग दहा वर्षांचा पोरगा झाल्या, अशा गरजल्या की दारामागे अख्खी फौज उभी असावी. मग मुलींच्या गोष्टीतली ती, दाराला कपाळ टेकून, अर्धा शब्द श्वासातच. मग थोरल्या पुरुषांच्या मालिकेतला पुरुष. बाईच्या गळ्यातून तो कुठून निघाला देव जाणे, पण खालच्या पट्टीत, थकलेला, दार उघडलं नाही तरी चालेल असा.

मग त्या थांबल्या, आणि आपल्या आवाजात म्हणाल्या, "दार उघड." हातात सामान आहे, आत कुणीतरी आहे हे माहीत आहे, आणि तो उठणार नाही हेही माहीत आहे, असं.

मॅडम हसायच्या थांबल्या. "माझी आई अस्संच म्हणते," त्या म्हणाल्या.

"मग ही त्यांच्यासाठी आहे," बाळताई म्हणाल्या. "पाचही दारं मी जाणते, मॅडम. तीन एकतीस वर्षं उघडत आले, चौथं बाहेरून ऐकत आले. हे पाचवं माझं आहे."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला. एवढं मोठं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. मॅडमनी बुटांचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला, मग बाहेर जाऊन वीस मिनिटं फोनवर बोलल्या. परत आल्या तेव्हा मालिकेचं नाव 'दुरुस्ती' झालं होतं, आणि सकाळच्या बालविभागातून तिची वेळ शनिवारी दुपारी चारला गेली होती.

पहिल्या शनिवारी घरात लगीनघाई. मुलगा आणि सून साडेतीनपासून टीव्हीपुढे. बाळताई कोचाच्या कडेला, हात मांडीत, परीक्षेला बसल्यासारख्या. त्यांचा नवरा आतल्या खोलीत ठेवणीतला शर्ट चढवत होता. बायकोचा कार्यक्रम, मग घरच्या कपड्यांत कसं बसायचं! बिचाऱ्याने एकतीस वर्षं इमानेइतबारे बायकोच्या मालिका बघितल्या होत्या आणि दरवेळी विचारलं होतं, "यात तू कोणती?" ते कोल्ह्याचं पिल्लू, असं सांगितलं तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. "काहीतरीच! ही तू नाहीस," म्हणायचा.

चार वाजले. दुकान दिसलं, जिना दिसला. मालकिणीने हात पुसले, जिन्याच्या तोंडाशी आली आणि वर बघून म्हणाली, "अहो, येताय ना? निवतंय सगळं."

"आलो गं, आलो!" आतल्या खोलीतून नवरा ओरडला. "बटणं लावतोय. जरा दम धर की!"

सुनेने दोन्ही हात तोंडावर दाबले. मुलाने आईकडे बघितलं. बाळताई जागच्या हलल्या नव्हत्या, तोंड मिटलेलं होतं आणि अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आजवर त्यांना बक्षिसं मिळाली होती, कपाटात ठेवलेली होती. पण खुद्द घरच्या माणसाने पडद्यातल्या त्यांच्या हाकेला ओ देण्याची ही पहिलीच वेळ होती. अभिमानाने त्यांचा ऊर असा भरून आला की श्वास घ्यायची पंचाईत झाली.

नवरा वरचं बटण लावत बाहेर आला. "आलो म्हटलं ना, किती हाका मारशील?"

टीव्हीतली मालकीण म्हणाली, "बसा आता."

तो बसला. मग अर्धवट उठला. त्याने टीव्हीकडे बघितलं, बायकोच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं आणि परत टीव्हीकडे बघितलं.

"अगं," तो म्हणाला, "ही तर तू आहेस!"

"मीच आहे," बाळताई म्हणाल्या. "आता गप्प बसा आणि ऐका."